हेल्थ चेकअपचा फॅमिली प्लॅन घ्यावा का? डॉक्टरबाईंना पाच स्टार, पॅकेजला दोन

घरातल्या सगळ्यांसाठी एका हेल्थ ॲपची वर्षभराची फॅमिली मेंबरशिप घेतली होती, ती आता संपत आलीये आणि रिन्यू करा रिन्यू करा म्हणून रोज मेसेज येतायत, तर म्हटलं आधी रिव्ह्यू लिहून टाकू. नाव मुद्दाम देत नाहीये, कारण घ्यायच्या आधी मी बाकीच्या ॲपच्या याद्या पण शेजारी शेजारी ठेवून बघितल्या होत्या आणि पॅकेजचं नाव नि रंग सोडले तर सगळीकडे मामला साधारण तोच आहे. ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, या प्लॅनमध्ये डॉक्टरांसोबत जो वेळ मिळतो तो खरंच कामाचा आहे, आणि जी लांबलचक टेस्टची यादी दाखवून प्लॅन विकतात ती निम्म्याने कापली तरी कुणाचं काही अडणार नाही.

जाहिरात अशी की 64 टेस्ट, दरवर्षी, घरातल्या प्रत्येकासाठी. माझा आक्षेप त्या "प्रत्येकासाठी" वरच आहे.

आमच्या घरातच बघा ना. सासूबाईंना बीपी आणि शुगर दोन्ही आहे त्यामुळे त्यांची डॉक्टरांकडे फेरी चालूच असते, रिसेप्शनवरची मुलगी त्यांना आवाजावरून ओळखते. सासरे 74 वर्षांचे पण त्यांचं एकच, मला काय धाड भरलीये. नवरा चाळिशी ओलांडून बसलाय आणि त्याला विचारलं शेवटचं बीपी कधी मोजलं होतंस तर म्हणतो नोकरीला लागताना मेडिकल झाली होती की. जाऊबाई दुसऱ्या बाळंतपणापर्यंत महिन्याच्या महिन्याला जायच्या, त्यानंतर मुलांच्या लसी एकही चुकली नाही पण स्वतःसाठी म्हणून दवाखान्याची पायरी चढलेल्या नाहीत. पुतण्या विशीतला, जिमला जातो, विषय संपला. आता एवढी वेगवेगळी माणसं, आणि ॲपने मेसेज काय पाठवला तर सगळ्यांना शब्दन् शब्द तोच, तुमची वार्षिक तपासणी बाकी आहे आजच बुक करा. बरं जन्मतारीख भरून घेतात, उंची वजन घेतात, घरात कुणाला हार्टचा त्रास होता का, सिगारेट ओढता का, सगळं विचारतात, दहा मिनिटं त्या फॉर्ममध्ये जातात, आणि मग त्या माहितीचं करतात काय तर शून्य. एकाच मापाचा युनिफॉर्म शिवून सगळ्या घराला वाटल्यासारखं.

कुणाला किती वेळा जायला हवं याची उत्तरं वेगवेगळी असतात आणि ती काही गुपित नाहीत. इंग्लंडात एनएचएसचं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेचं, हेल्थ चेक आहे, 2009 पासून चालू आहे, ते 40 ते 74 वयाच्या ज्यांना आधीचा मोठा आजार नाही त्यांना दर 5 वर्षांनी बोलवतात, दरवर्षी नाही. जर्मनीत 18 ते 34 मध्ये एकदा आणि 35 नंतर दर 3 वर्षांनी. अमेरिकेत प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स म्हणून तज्ज्ञांची समिती आहे, ती म्हणते चाळिशीनंतर बीपी दरवर्षी बघा, पण 18 ते 39 मध्ये बीपी नॉर्मल असेल आणि बाकी काही धोका नसेल तर 3 ते 5 वर्षांनी बघितलं तरी चालतं. उलट टोकाला जपान, तिथे कंपन्यांना कर्मचाऱ्यांची दरवर्षी तपासणी करून घ्यावीच लागते, 1972 चा कायदाच आहे तसा. आणि मला सगळ्यात पटलेली गोष्ट दातांची आहे, इंग्लंडच्या नाइस या संस्थेने 2004 मध्येच सांगून टाकलं की सगळ्यांनी सहा महिन्यांनी यायची गरज नाही, डेंटिस्टने तोंड बघून ठरवावं, मोठ्या माणसांना कुणाला 3 महिन्यांनी तर कुणाला 24 महिन्यांनी बोलवावं. हे असं ॲपमध्ये करायला काय जातंय हो, सगळी माहिती तर आधीच भरून घेतलीये. (दात या प्लॅनमध्ये नाहीतच, डोळे पण नाहीत, तो वेगळा प्लॅन.)

आता प्रत्यक्ष तपासणीबद्दल. रक्त घ्यायला घरी आले, वेळेवर आले, सुई एकदाच टोचली, पोरगी हुशार होती, त्या बाबतीत तक्रार नाही. पण नंतर डॉक्टरांना भेटायला सेंटरवर जावं लागतं आणि तिथला प्रकार सांगते. लिफ्ट बंद होती, नवरा जिने चढून वर आला, आल्या आल्या टेक्निशियनने त्याला त्या उंच बेडवर बसवलं, पाय खाली लोंबकळतायत, पाठीला टेकायला काही नाही, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि मशीन फुगत असतानाच विचारतोय सर तुमचा ईमेल आयडी सांगा. हा आपला ॲट द रेट वगैरे सांगतोय. आकडा आला 148/94, लगेच टॅबवर लाल झाला, आणि नवऱ्याचं तोंड पण.

मग आत गेलो. डॉक्टरबाईंनी तो आकडा बघितला आणि आधी विचारलं, लघवीला जाऊन आलात का. मग खुर्चीत बसवलं, पाठ टेकून, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, बाही वर, आणि म्हणाल्या आता पाच मिनिटं कुणी काही बोलायचं नाही, तुम्ही पण नाही मॅडम. माझ्याकडे बघून. पाच मिनिटं गप्प बसलो तिघं पण, मग दोनदा मोजलं मध्ये थोडं थांबून, 134/86. म्हणजे त्याच माणसाचं, त्याच दिवशी, अर्ध्या तासाच्या आत. लघवी तुंबलेली असली, बोलत असलो, हात लटकत असला की आकडा चांगलाच वर जातो असं त्यांनी सांगितलं, आणि हे सगळं तिकडे एकाच वेळी चालू होतं! आणि तरीही त्यांनी नॉर्मल आहे जा घरी असं केलं नाही, घरी मशीन आहे का, आठवडाभर सकाळ संध्याकाळ असंच शांत बसून मोजा आणि मला पाठवा. पाठवलं, सरासरी 137/87 च्या आसपास आली. घरच्या मशीनसाठी 135/85 ही रेषा धरतात म्हणे, म्हणजे थोडं वरच. गोळी लगेच नाही दिली, मीठ, वजन, रोजचं चालणं, आणि तीन महिन्यांनी परत या.

तर या अख्ख्या वर्षात अख्ख्या घरात मोजून-तपासून जी एक नवीन आणि कामाची गोष्ट सापडली ती ही. 64 टेस्टमध्ये नाही, एका पट्ट्याने. आणि बीपी ही गोष्टच अशी आहे की काही जाणवत नाही, डब्ल्यूएचओच्या 2021 च्या आकड्यांप्रमाणे जगात 30 ते 79 वयाच्या सुमारे 128 कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या जवळपास 46 टक्क्यांना ते आहे हेच माहीत नाही. नवरा त्यातलाच एक होता की.

आता रिपोर्ट. पीडीएफ सुंदर आहे, रंगीत आहे, हिरवा पिवळा लाल, प्रत्येक पानावर एक हसणारं कुटुंब. पण मला त्यात अडचण अशी की कुणाचाच रिपोर्ट पूर्ण हिरवा आला नाही. पुतण्याचा पण नाही, आणि त्याला तर काही झालेलं नाही. याचं गणित डॉक्टरबाईंनी सांगितलं ते भारी होतं. टेस्टची जी नॉर्मल रेंज असते ती बहुतेक वेळा अशी ठरवतात की निरोगी माणसांपैकी 95 टक्के त्यात बसतील, म्हणजे ठणठणीत माणसांतले 5 टक्के मुळातच बाहेर. अशा 20 वेगवेगळ्या टेस्ट केल्या तर ठणठणीत माणसाचा एक तरी आकडा लाल यायची शक्यता 64 टक्के होते, आणि साठेक टेस्ट केल्या तर 95 टक्के. खऱ्यात टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात त्यामुळे अगदी इतकं नाही होत, पण अंदाज आला ना. म्हणजे यादी जेवढी लांब तेवढा काहीतरी लाल येणारच, आणि लाल आलं की दुसऱ्या दिवशी फोन येणारच, मॅडम तुमच्या रिपोर्टमध्ये काही पॅरामीटर ॲबनॉर्मल आहेत तर आमचं ॲडव्हान्स पॅकेज... हे फोन मला इतके आले की शेवटी नंबर ब्लॉक केला, तर दुसऱ्या नंबरवरून आले.

जाऊबाईंचं तर वाईटच झालं. या पॅकेजमध्ये "विमेन्स कॅन्सर मार्कर" म्हणून सीए-125 असते, बायकांच्या पॅकेजमध्ये सरसकट. त्यांची थोडी वर आली, लाल रंग, बाजूला उद्गारचिन्ह, आणि रात्री साडेदहाला ॲपवर नोटिफिकेशन. डॉक्टर कोण उपलब्ध नाही, चॅटबॉट म्हणतोय काळजी करू नका लवकरात लवकर स्पेशालिस्टला भेटा. कॅन्सर शब्द वाचल्यावर माणूस काळजी करणार नाही तर काय करेल? मग दुसरीकडे सोनोग्राफी, मग परत टेस्ट, मधल्या काळात त्या जेवत नव्हत्या नीट, दीर रजा टाकून घरी बसले, आणि शेवटी काही नाही निघालं. रक्त घेतलं तेव्हा त्यांची पाळी चालू होती. पाळीत ही टेस्ट वर जाऊ शकते, फायब्रॉइड (गर्भाशयातल्या गाठी) असले तरी जाते, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) असला तरी जाते. पाळी चालू आहे का हा एक प्रश्न त्या दहा मिनिटांच्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. आणि मुळात ज्या बाईला काही त्रास नाही, घरात तसा इतिहास नाही तिची ओव्हरीच्या कॅन्सरसाठी अशी तपासणी करूच नका असं ती अमेरिकेची टास्क फोर्स 2018 पासून स्पष्ट सांगतेय, कारण फायद्यापेक्षा नुकसान जास्त होतं, नको ती ऑपरेशनं होतात. सासऱ्यांच्या पॅकेजमध्ये तसंच पीएसए, म्हणजे प्रोस्टेट कॅन्सरसाठीची रक्ताची टेस्ट, सत्तरीच्या पुढे ती स्क्रीनिंगसाठी करू नका असं तीच समिती म्हणते, पण आहे आपली यादीत, आकडा 64 भरायला हवा ना.

आणि याच्या उलट, जाऊबाईंना जी तपासणी खरंच हवी होती, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही टेस्ट, ती पॅकेजमध्ये नाहीच. ती रक्तातून होत नाही, त्यासाठी बहुतेक वेळा बाईला नीट वेळ देऊन तपासावं लागतं, रक्तासारखं घरी माणूस पाठवून उरकत नाही, म्हणून नसेल. सगळ्या कॅन्सरच्या तपासण्यांत जिच्याबद्दल जवळपास कुणाचाच वाद नाही ती हीच. डॉक्टरबाईंनी विचारलं म्हणून कळलं की दुसऱ्या बाळंतपणानंतर झालेलीच नाही, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि दुसरीकडे करून घेतली. लसींचं पण तेच, धनुर्वाताचा बूस्टर शेवटचा कधी घेतला हे त्यांनीच विचारलं, ॲपला मोठ्या माणसांनापण लसी असतात हे बहुतेक माहीतच नाही.

ॲप उघडलं की वर एक बॅनर फिरत असतो, जितक्या वेळा तपासाल तितके निरोगी राहाल. हे खरं असतं तर गोष्टी सोप्या झाल्या असत्या. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2019 मध्ये अशा सरसकट हेल्थ चेकच्या ट्रायलचा आढावा घेतला होता, अडीच लाखांच्या वर माणसं होती त्यात, तर चेकअपला बोलावलेले आणि न बोलावलेले यांच्या मृत्यूंमध्ये फरक जवळजवळ नाहीच. डेन्मार्कच्या एका ट्रायलमध्ये तर जवळपास 60 हजार लोक होते आणि ज्यांना बोलावलं त्यांना नुसती तपासणी नाही तर जीवनशैलीचा सल्ला पण दिला, 10 वर्षांनी हार्ट अटॅक नि स्ट्रोकमध्ये काही फरक नाही. मग काय, जायचंच नाही का, असं नवरा लगेच म्हणाला (त्याला हवंच होतं). तर तसं पण नाही बाबा, 2021 मध्ये जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात मृत्यू कमी होत नाहीत हे आहेच पण त्याबरोबर हे पण आहे की अशा भेटींमुळे बीपी, डिप्रेशन असले आजार जास्त पकडले जातात आणि ज्या तपासण्या खरंच करायला हव्यात त्या करून घेणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. आमच्याकडे झालं ते अगदी हेच.

आणि किती वेळा जातात यावरून तब्येत कळत नाही हे देशादेशांत बघितलं तरी दिसतं. दक्षिण कोरियात माणशी वर्षाला डॉक्टरांच्या 15 पेक्षा जास्त भेटी होतात, स्वीडनमध्ये 3 पेक्षा कमी, आणि आयुर्मान दोन्हीकडे 83 च्या आसपास! स्वीडनमध्ये बरीच कामं नर्सच करतात, कोरियात डॉक्टरला प्रत्येक भेटीचे पैसे मिळतात, त्यामुळे आकडा पद्धतीवर ठरतो. त्याच कोरियात चेकअपच्या नादात लोकांनी गळ्याची सोनोग्राफी इतकी करून घेतली की 1993 ते 2011 मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान 15 पट झालं आणि त्याने होणारे मृत्यू जिथल्या तिथे. आमच्या ॲपचं ॲडव्हान्स पॅकेज आहे ना, त्यात गळ्याची सोनोग्राफी "फ्री" आहे.

जे जात नाहीत त्यांना आळशी म्हणून सोडून देणं पण बरोबर नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात रँड या संशोधन संस्थेने मोठा प्रयोग केला होता, काही कुटुंबांना उपचार पूर्ण फुकट आणि काहींना खर्चाचा काही भाग स्वतःच्या खिशातून, तर खिशातून द्यायचे म्हटल्यावर लोक कमी वेळा गेले, आणि गंमत म्हणजे नको त्या फेऱ्या जशा कमी झाल्या तशाच हव्या त्या पण, कारण कुठली फेरी कामाची हे आपल्याला आधी कसं कळणार. बायका पुरुषांपेक्षा जास्त जातात हे तर सगळीकडे दिसतं, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 1997-98 च्या आकड्यांत मोजलं होतं की वार्षिक तपासणी आणि प्रतिबंधक सेवांसाठी बायकांच्या भेटी पुरुषांच्या दुप्पट. त्यात गर्भनिरोधक, बाळंतपण यामुळे तरुणपणीच दवाखान्याची सवय लागते हा भाग आहेच, पण जाऊबाईंसारखी सवय तुटते ती पण त्यातच. पुरुषांना ती सवय लागायचं कारणच पडत नाही. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये एक प्रयोग झाला होता, कृष्णवर्णीय पुरुषांना कृष्णवर्णीय डॉक्टर मिळाला तर तपासण्या करून घ्यायला ते जास्त तयार झाले, आणि तेही डॉक्टरशी बोलणं झाल्यावर. समोर कोण बसलंय याने एवढा फरक पडतो.

आमच्या सासऱ्यांवरून पटलं मला. ॲपचे मेसेज त्यांनी वर्षभर उघडले नाहीत. सासूबाईंना सोडायला म्हणून सेंटरवर आले होते, डॉक्टरबाई म्हणाल्या काका तुम्ही पण बसा की, कान कसा आहे, कारण ते दोनदा काय काय म्हणाले होते. बसले. बोलता बोलता रात्री उठताना तोल जातो हे निघालं, जे घरात आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, सासूबाईंना पण नाही. कुणाकडून तरी आणलेली झोपेची गोळी चालू होती, ती हळूहळू बंद करवली. कुठल्या टेस्टमध्ये येणार होतं हे? आता ते "त्या बाईंकडे" जायचं म्हटलं की तयार असतात. एकाच डॉक्टरकडे जात राहणाऱ्या लोकांबद्दल 2018 मध्ये एक आढावा आला होता, 22 पैकी 18 अभ्यासांत अशा लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, आता त्यामुळेच कमी असं ठाम म्हणता येत नाही पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आणि या ॲपमध्ये सगळ्यात मोठी गोची हीच की डॉक्टर निवडता येत नाही, बुक करताना "उपलब्ध डॉक्टर" असं येतं. आम्ही सेंटरला फोन करून त्या कधी असतात विचारून मग स्लॉट घेतो, जुगाड आहे पण चालतोय.

बाकीच्या तक्रारी पटापट. रक्ताचे स्लॉट फक्त वर्किंग डेला सकाळी, उपाशीपोटी, म्हणजे ज्याचा रोजचा पगार कापला जातो तो येणारच नाही. आणि उपाशी राहायचा आग्रह कशाला तेही कळत नाही, एचबीए1सीला (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी टेस्ट) उपाशी राहावं लागत नाही आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉल तपासणीला पण बहुतेकांना गरज नाही असं युरोपातल्या तज्ज्ञांनी 2016 मध्येच सांगितलंय. व्हिटॅमिन डी सगळ्यांची कमी आली, सगळ्यांना तीच कंपनीची गोळी सुचवली, ॲपच्याच दुकानातली, योगायोग. रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरला पाठवायला सोपं आहे, हे चांगलं. जुने आकडे ग्राफमध्ये दिसतात, हे पण चांगलं.

स्टार: डॉक्टर 5, घरी रक्त घेणं 4, पॅकेज 2, रात्री साडेदहाचं नोटिफिकेशन उणे जे काय देता येईल ते. पुतण्यासाठी घेऊ नका, विशीतल्या धडधाकट पोराला बीपी आणि डॉक्टरशी दोन गोष्टी पुरे. फॅमिली प्लॅन आम्ही रिन्यू करत नाहीये, फक्त कन्सल्टेशनचा जो छोटा प्लॅन आहे तो नवरा, सासरे आणि जाऊबाईंसाठी घेतलाय, सासूबाईंचं त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडे नीट चाललंय ते हलवायचं काही कारण नाही, आणि टेस्ट डॉक्टर सांगतील त्या सुट्ट्या करू. हा छोटा प्लॅन होमपेजवर दिसत नाही, "सर्व सेवा" मध्ये पार खाली जावं लागतं. आणि मोठ्या प्लॅनचं ऑटो रिन्यूअल आपोआप चालू असतं, प्रोफाइल मग मेंबरशिप मग पेमेंटमध्ये जाऊन बंद करा, नुसतं ॲप डिलीट केलं तर पैसे कापले जातात.